सीएनसीवर कापलेलं नॉकडाउन फर्निचर: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लायची शीट सीएनसी राउटरवर (संगणकातल्या फाईलप्रमाणे फिरत्या पात्यानं कापणाऱ्या यंत्रावर) कापायची, भाग सपाट गठ्ठ्यात न्यायचे आणि घरी जोडायचे, अशा फर्निचरबद्दल लोक आम्हाला जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. विचारणाऱ्यांत सुतार आहेत, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहेत आणि स्वतःच्या घरासाठी एखादं टेबल करू पाहणारेही आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर खाचेच्या मापाचा प्रश्न तेवढा वाचा. या कामातल्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

नॉकडाउन फर्निचर ही नवी गोष्ट आहे का?

नाही. थोनेट कंपनीची १८५९ची १४ नंबरची खुर्ची सुटी करून पाठवली जायची. एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावत. पुढे १९५६मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीतल्या एका कर्मचाऱ्यानं टेबल गाडीत बसेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्यातून त्या कंपनीचा सगळा धंदा सपाट खोक्यांवर आला.

आज बदललंय ते कापण्याचं तंत्र. सोलापूरकरांना हे समजवायला फार बोलावं लागत नाही. जकार्ड मागावर चादरीची नक्षी पंचकार्डातल्या भोकांमध्ये असते, आणि कोणता दोरा उचलायचा ते कार्ड ठरवतं. राउटरवर ते काम फाईल करते. कार्डात भोक चुकलं तर तीच चूक प्रत्येक चादरीत उतरते, तशी फाईलमधली चूक प्रत्येक टेबलात उतरते. म्हणून मशीन सुरू होण्याआधीचा वेळ इथे सगळ्यात मोलाचा.

१८ मिमीचा प्लाय आणला, खाचही बरोबर १८ मिमीची काढली. तरी सांधा ढिला का बसतो?

कारण तो प्लाय १८ मिमीचा नसतो. १८ हे विकण्याचं माप. कारखान्यात घासून गुळगुळीत केल्यावर हातात येणारी शीट १७.२, १७.५, कधी १७.८ भरते. एकाच शीटच्या कडेला आणि मध्यावरही दोन-तीन दशांशांचा फरक सापडतो. हातानं काम करणारा सुतार प्रत्येक सांधा समोरच्या फळीवरून आखून घेतो, त्यामुळे त्याला हा फरक आपोआप कळतो. फाईलला कळत नाही. तिला तो तुम्ही सांगायचा असतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी शीट विकत घ्या, मग चित्र पक्कं करा. टेपनं जाडी मोजू नका, व्हर्नियर कॅलिपर घ्या. चारही बाजूंनी मिळून सात-आठ ठिकाणी मोजा. अगदी काठावर न मोजता थोडं आत मोजा, कारण वाहतुकीत मार खाऊन काठ फुगलेला असतो. सगळ्यात मोठं माप धरा आणि त्यात ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक मिळवा. माप १७.५ आलं, तर खाच १७.६ किंवा १७.७ची.

तरीही थेट कापायला घेऊ नका. त्याच शीटच्या टाकाऊ पट्टीवर चाचणीच्या खाचा काढा: १७.३, १७.५, १७.७, १७.९. प्रत्येकीच्या शेजारी तिचं माप कोरून ठेवा आणि त्याच प्लायचा तुकडा एकेकीत घालून बघा. तळहाताच्या दाबानं आत जावा आणि जोड उलटा धरला तरी निसटू नये, ती तुमची खाच. हातोडी लागत असेल तर ती घट्ट आहे. अशा सांध्याचे वरचे थर दुसऱ्या-तिसऱ्यांदा खोलताना उचकटतात, आणि खोलून परत जोडता येणं हेच तर या फर्निचरचं काम आहे.

बिटाचाही, म्हणजे राउटरच्या फिरत्या पात्याचाही, परिणाम होतो. धार लावून आणलेला ६ मिमीचा बिट ५.९चा झालेला असतो. मशीन तो ६चाच समजून चालतं आणि खाच ०.१ मिमीनं अरुंद येते. चाचणी करताना तोच बिट लावलेला असेल तर हा फरक तिथेच धरला जातो.

सनमायका लावणार असाल तर आधी लावा, मग मोजा, मग कापा. दोन्ही बाजूंना १ मिमीची सनमायका म्हणजे जाडी २ मिमीनं वाढली, वर फेविकॉलचा थर वेगळा. खाचा कापून झाल्यावर सनमायका लावायची ठरवली, तर एकही भाग दुसऱ्यात बसणार नाही.

हवामानही धरा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर आणि हवा कोरडी. त्या दिवसांत नेमका बसलेला सांधा श्रावणात दमट हवेनं आवळतो. उन्हाळ्यात कापलेल्या कामाला मोकळीक जरा सैल हातानं द्या आणि कापलेल्या कडांना पॉलिश किंवा सीलर लावल्याशिवाय माल देऊ नका.

खाचेच्या आतल्या कोपऱ्यात गोल भोकं कशासाठी? दिसायला बरी दिसत नाहीत.

बिट गोल फिरतो. ६ मिमीच्या बिटानं आतला कोपरा कापला की तिथे ३ मिमी त्रिज्येची गोलाई उरणारच. फळीचा कोपरा मात्र चौकोनी असतो, म्हणून ती खाचेच्या तळाला टेकत नाही आणि मध्ये फट राहते. बिट कोपऱ्यात थोडा पुढे नेऊन ते भोक पाडलं की फळी पूर्ण बसते.

दिसणं महत्त्वाचं असेल तर दोन उपाय आहेत. एक, भोक खाचेच्या ज्या बाजूला दुसरा भाग येऊन झाकणार आहे त्या बाजूला वळवा. दोन, भोक पाडूच नका आणि कोपरे पटाशीनं चौकोनी करून घ्या. एका टेबलासाठी मी दुसरा उपाय सुचवतो. चांगल्या हाताला प्रत्येक कोपऱ्याला मिनिटभरही लागत नाही, आणि सांधा बघणाऱ्याला समाधान देतो. पन्नास टेबलांना ते परवडणार नाही.

कोणता प्लाय घ्यावा?

साध्या कोरड्या खोलीसाठी आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली येणारा एमआर प्रतीचा प्लाय चालतो. तो दमटपणा सोसतो, पाणी नाही. स्वयंपाकघर आणि मोरीजवळच्या कपाटासाठी आयएस ७१०चा मरीन प्लाय घ्या.

पण सीएनसीच्या कामात शिक्क्यापेक्षा आतला गाभा जास्त बघावा लागतो. साध्या फर्निचरमध्ये कडा पट्टीखाली झाकल्या जातात, इथे त्या उघड्या असतात आणि सांधा त्याच कडेवर उभा असतो. गाभ्यात पोकळी असेल आणि खाच नेमकी तिथे आली, तर तिथे धरायला लाकूडच नाही. दुकानात शीट उभी करून चारही कडा बघा. थर सलग, सारख्या जाडीचे, फटी नसलेले हवेत. मग बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐका. पोकळ जागा लगेच कळते. दुकानदार कुरकुरला तरी हे करा, कारण कापलेली शीट परत घेत नाहीत.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबलेला बोर्ड. त्याची जाडी प्लायपेक्षा खूप नेमकी असते आणि तो मऊ कापला जातो, म्हणून नवशिक्यांना आवडतो. पण कडेतून पाणी प्यायला की तो फुगतो आणि परत बसत नाही. ज्या घरात रोज फरशी पुसली जाते तिथे एमडीएफचे पाय जमिनीला टेकवू नका. पार्टिकल बोर्ड खाचेच्या सांध्यांसाठी मुळीच नको. त्याचे अरुंद कुसू, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, मोडतात.

आठ बाय चारची १८ मिमी प्लाय शीट ३२ ते ३५ किलो भरते, एमडीएफची ४०च्या आसपास. ती उचलायला दोघं हवेत.

वाळवीचं काय?

वाळवी जमिनीतून येते. पायाखाली रबराचे बूट किंवा फिरवून उंची बदलता येणारे स्क्रूचे पाय लावा, म्हणजे लाकूड फरशीला टेकत नाही. कपाट भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा.

हे लेसरवर कापता येईल का? आमच्या ओळखीत साइनबोर्डवाल्याकडे लेसर आहे.

३ ते ६ मिमीचा प्लाय, एमडीएफ किंवा ॲक्रिलिक असेल तर येईल. १८ मिमीला राउटरच लागतो. पण लेसरचा एक फार चांगला उपयोग आहे. पूर्ण टेबल १:६ प्रमाणात छोटं करून ३ मिमीच्या एमडीएफवर कापा. १८ मिमीची जाडी बरोबर ३ होते. तासाभरात हातात नमुना येतो आणि कोणता भाग कोणाच्या आधी घालायचा, कुठे अडतं, ते कळतं. शीट वाया जाण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

एक ताकीद. पीव्हीसी फोम बोर्ड लेसरवर कधीही घालू नका. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुफ्फुसांना घातक आहे आणि मशीनलाही गंजवतो. राउटरवर तो बोर्ड चालतो.

चित्र कशात काढायचं?

फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. फ्यूजनचा वैयक्तिक वापराचा मोफत परवाना मिळतो, पण त्यात एका वेळी दहाच फाईली बदलता येतात आणि धंद्यासाठी तो वापरायचा नसतो. नुसत्या सपाट आकारांना इंकस्केपही पुरतं.

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. प्लायची जाडी आकड्यात लिहू नका, तिला नाव द्या. ‘जाडी’ नावाचं एक माप करा आणि प्रत्येक खाच, प्रत्येक कुसू त्या नावावर बांधा. मोकळीकही वेगळ्या नावानं ठेवा. उद्या वेगळ्या जाडीची शीट आली तर एक आकडा बदलला की सगळं टेबल त्या मापाचं होतं. हे केलं नाही तर प्रत्येक शीटला चाळीस खाचा हातानं बदलाव्या लागतील आणि एकतरी राहून जाईल.

इंटरनेटवर तयार आराखडे मिळतात, ते तसेच कापले तर?

मिळतात, आणि काही फार सुंदर आहेत. लंडनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या विकीहाउसनं तर अख्खं घर प्लायमधून कापायचे आराखडे सगळ्यांसाठी खुले केले. पण ते आराखडे काढणाऱ्याच्या हातातल्या शीटच्या जाडीवर बेतलेले असतात. ती बदलून घ्या. शिवाय परवाना वाचा. ‘व्यावसायिक वापर नाही’ असं लिहिलं असेल तर स्वतःच्या घरासाठी कापा, विकू नका.

मापंही आपल्या बसण्याला जुळतात का ते बघा. खुर्चीची बैठक ४३ ते ४५ सेंमी, टेबल ७२ ते ७५ सेंमी हे बाहेरचे आराखडे धरून चालतात. आपल्याकडे अजून कितीतरी मुलं जमिनीवर मांडी घालून अभ्यास करतात. त्यांना ३० सेंमीच्या आसपासचं बैठं डेस्क लागतं, आणि मांडी आत जाईल एवढी मोकळी रुंदी लागते. असा आराखडा बाहेर शोधत बसण्यापेक्षा स्वतः काढलेला बरा.

मशीनवाल्याकडे फाईल कशी द्यायची?

डीएक्सएफ या रेषाचित्रांच्या फाईल प्रकारात, मिलिमीटरमध्ये. सोबत एका रेषेवर माप लिहिलेलं चित्र पाठवा आणि ‘ही रेषा ६०० आली पाहिजे’ असं सांगा. इंच आणि मिमीची गल्लत झाली तर आकार २५.४ पटीनं बदलतो. ते लगेच दिसतं, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून फाईल फिरून आली की थोडासा फरक पडलेला दिसत नाही, तो या एका रेषेनं पकडला जातो.

आरपार कापायच्या रेषा एका लेयरवर, ठरावीक खोलीच्या खाचा दुसऱ्यावर, भोकं तिसऱ्यावर. आकार बंद असावेत. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा काढून टाका, नाहीतर मशीन तीच रेषा दोनदा कापतं.

बिट सारखे जळतात. मशीन आणखी हळू चालवू का?

उलट. हळू चालवलं की बिट एकाच जागी घासत राहतो, तापतो आणि धार जाते. चांगल्या कापणीत बारीक पावडर न पडता भुशाचे कण पडतात, आणि उष्णता त्या कणांबरोबर बाहेर जाते. हिशोब साधा आहे: मिनिटाचे फेरे गुणिले धारांची संख्या गुणिले प्रत्येक धारेनं काढायचा कण. १८,००० फेरे, दोन धारा आणि ०.१२ मिमी कण धरला तर मिनिटाला ४,३२० मिमी वेग येतो. तुमचं मशीन त्या वेगाला थरथरत असेल तर वेग कमी करा, पण फेरेही त्याच प्रमाणात कमी करा.

सनमायका लावलेल्या शीटला कॉम्प्रेशन बिट वापरा. तो खालून वर आणि वरून खाली असा दोन्हीकडून आत ओढतो, म्हणून दोन्ही पृष्ठभाग फुटत नाहीत.

फळी किती लांब ठेवली तर वाकणार नाही?

पुस्तकांसाठी १८ मिमी प्लायची फळी आधाराशिवाय ७५ सेंमीपेक्षा लांब ठेवू नका. लांबी वाढली की वाक सरळ हिशोबानं वाढत नाही. फूटभर जागेवरचं वजन तेवढंच ठेवून लांबी दुप्पट केली, तर वाक १६ पट होतो. जाडीचं उलट: १२ऐवजी १८ मिमी घेतली तर ताठपणा सुमारे ३.४ पट.

फळी लांब हवीच असेल तर जाड प्लाय घेऊ नका. मागच्या कडेला ६० मिमीची एक उभी पट्टी खाचेत बसवा. त्यानं जेवढा ताठपणा येतो तेवढा शीट बदलून येत नाही, आणि ती पट्टी बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यातूनच निघते.

वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीला धरून जाव्यात. सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते जागा वाचवायला भाग कसेही फिरवतं. लांब फळ्यांना फिरवायची परवानगी देऊ नका.

एका शीटमधून किती निघतं? आणि कापायला वेळ किती?

एक अभ्यासाचं टेबल घेऊ. वरची फळी १२०० बाय ६००, दोन बाजू ७२० बाय ५५०, मागची आडवी पट्टी ११०० बाय ३०० आणि एक कप्पा ११०० बाय २००. शीट २४४० बाय १२२०. चारही कडांनी १५ मिमी सोडा, दोन भागांमध्ये १२ मिमी अंतर ठेवा. वरच्या ओळीत १२००ची फळी, तिच्या शेजारी पट्टी आणि कप्पा एकाखाली एक. खालच्या ओळीत दोन्ही बाजू. सगळं बसतं, आणि कोपऱ्यात साधारण ९४ बाय ५५ सेंमीचा तुकडा उरतो. त्यात एक स्टूल निघतं. ते आराखड्यात पहिल्यापासून धरा, म्हणजे त्याच शीटमध्ये टेबल आणि स्टूल अशी जोडी होते.

वेळ: टेबलाच्या सगळ्या कडा आणि खाचा मिळून सुमारे १६ मीटर कापणी. १८ मिमी खोली तीन थरांत कापायची, म्हणजे ४८ मीटर. मिनिटाला ४ मीटर धरले तर १२ मिनिटं, बिट उचलणं-टेकवणं धरून वीसएक. मशीनवाला तासावर पैसे घेत असेल तर या हिशोबानं तुम्हाला आधीच अंदाज येतो. पण खरा वेळ शीट बसवण्यात आणि नंतर घासण्यात जातो. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग २२०नं, मग सीलर. त्याला मशीनच्या कितीतरी पट वेळ लागतो. दर सांगताना नवे लोक तोच धरायला विसरतात.

सांध्यासाठी मिनिफिक्स वापरावं की खाच आणि पाचर?

मिनिफिक्स म्हणजे फळीच्या आत लपणारा, फिरवून आवळायचा धातूचा जोड. कपाटांना तो ठीक आहे. बाहेरून काही दिसत नाही आणि पेचकसानं आवळलं की झालं. पण त्याला फळीच्या कडेतून भोक लागतं, आणि साधा तीन अक्षांचा राउटर फक्त वरून कापतो. कडेची भोकं जिगवर (भोकाची जागा पक्की धरणाऱ्या साच्यावर) हातानं पाडावी लागतात, आणि सीएनसीनं मिळवलेली नेमकेपणाची कमाई तिथे जाऊ शकते. शिवाय मिनिफिक्स प्लायमध्ये चार-सहा वेळा उघडलं-आवळलं की पकड सुटत जाते.

टेबल, बाक, पलंग अशा हलणाऱ्या वस्तूंना माझा कौल पाचरीला. कुसू दुसऱ्या फळीतून आरपार काढायचा, त्याच्या टोकाला खाच पाडायची आणि तिच्यात पाचर ठोकायची. हादऱ्यानं सैल झालं की पाचर आणखी दोन ठोके आत. भाड्यानं राहणाऱ्याला घर बदलताना पेचकसही शोधावा लागत नाही. आपल्या बैलगाड्या आणि जुन्या वाड्यांचे दरवाजे याच पाचरीवर टिकले. पाचरीची खाच फळीच्या पृष्ठभागापासून १ ते २ मिमी आत सुरू होईल अशी काढा, नाहीतर पाचर आवळण्याआधीच टेकते आणि सांधा कधीच ओढला जात नाही.

मध्येच वीज गेली तर?

मशीन आपली जागा विसरतं. म्हणून शीट बसवताना शून्य बिंदू, म्हणजे मशीन जिथून मापं मोजतं ती जागा, पेन्सिलीनं नाही, शीटच्या कडेला ३ मिमीचं भोक पाडून खुणावा. वीज आल्यावर मशीन होमिंगला, म्हणजे स्विचनं ठरलेल्या त्याच्या मूळ जागी, न्या, त्या भोकावर बिट टेकवून शून्य परत घ्या आणि थांबलेल्या ओळीच्या थोडं आधीपासून सुरू करा. होमिंग स्विच नसलेलं मशीन स्वस्तात मिळत असेल तरी घेऊ नका. शीट मात्र तोवर हलवायची नाही.

शहाबादी फरशीवर टेबल डगमगतं. आराखडा चुकला का?

फरशी सपाट नाही. जुन्या घरांत शहाबादी फरशीचे सांधे वरखाली असतात, आणि चार पायांचं टेबल तिथे हमखास हलतं. चारही पायांना उंची बदलणारे स्क्रू लावा. त्यासाठीची भोकं आराखड्यातच द्या.

घर लहान आणि जिना अरुंद. काय आधी मोजायचं?

जिन्याचं वळण. खोली सगळे मोजतात, वळण कोणी मोजत नाही. साखर पेठेतल्या जुन्या घरांत काय किंवा कुंभारीच्या रे नगरात काय, जिथे २०२४च्या जानेवारीत १५,००० घरांचा ताबा विडी कामगार आणि इतर कष्टकरी कुटुंबांना मिळाला, तिथे एका खोलीला झोपणं, जेवण, मुलांचा अभ्यास आणि कित्येक घरांत विड्या वळणं असं सगळं सोसायचं असतं. अशा घराला अखंड पलंग विकणं मला पटत नाही. १९० बाय ९० सेंमी गादीचा पलंग तीन पेट्यांत करा. दिवसा त्या बैठका होतात, आत चादरी आणि वळकट्या राहतात, आणि एकेक पेटीचे भाग एकटी बाई जिन्यावरून नेऊ शकते. कोणताही सुटा भाग १२ किलोच्या वर जाऊ देऊ नका.

उंच कपाट मात्र भिंतीला बांधाच. लहान मूल खणावर चढलं की कपाट पुढे येतं. दगड-मातीच्या भिंतीत साधा प्लॅस्टिकचा गट्टू धरत नाही, तिथे कमी उंचीचं, खोल कपाट करणं हाच खरा उपाय.

जोडणीची माहिती कोणत्या भाषेत छापायची?

शक्यतो कोणत्याच नाही. आपल्या गावात एका गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं असतात. चित्रांतून सांगा आणि प्रत्येक भागावर, झाकल्या जाणाऱ्या बाजूला, १ मिमी खोल आकडा कोरा. जिथे दोन भाग भेटतात तिथे दोन्हीकडे तोच आकडा. छापील कागद हरवतो. घर बदलताना तीन वर्षांनी परत जोडायची वेळ येते तेव्हा कोरलेला आकडाच उपयोगी पडतो.

धुळीचं एवढं काय? सुतारकामात धूळ असतेच.

असते, आणि म्हणूनच सांगतोय. लाकडाची धूळ कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ठरवून टाकलं आहे. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं. तोंडाला रुमाल पुरत नाही. एन ९५ मास्क, बिटाजवळ भुसा ओढणारा पाइप आणि कानाला प्लग, एवढं नसेल त्या मशीनवर मुलांना उभं करू नका.

मशीन आलं की सुताराचं काम जाणार नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा एखादा सुतारच विचारतो. यंत्र आलं आणि माणसं घरी बसली, हे या गावानं गिरण्यांच्या आणि मागांच्या वाट्याला आलेल्या दिवसांत जवळून बघितलंय, म्हणून ही भीती मी हलक्यात घेत नाही.

जे काम जातं ते सरळ रेषेत करवत चालवण्याचं. जे राहतं ते असं: शीट हातात घेऊन गाभा ओळखणं, सांधा कुठे ताण घेईल ते सांगणं, कडा साफ करणं, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन भिंत काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघणं. संगणकावर बसलेल्या मुलाला यातलं काही येत नसतं, आणि ते नसताना काढलेले आराखडे मोडतात. माझं म्हणणं असं, की सुतारानं चित्र काढणाऱ्याबरोबर बसून भागीदारी मागावी, मजुरी नाही. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. त्यात मोठं मशीन येणार नाही, पण चांगला हातातला राउटर, जिग आणि कॅलिपर येतात. मशीन भाड्यानं वापरायला तेवढं पुरतं.

शिकायला कुठे जावं?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो १९८३ साली सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, २००२ साली तिथेच उभी राहिली. खेड्यातल्या मुलांनी हातानं काम करत शिकावं हाच त्या संस्थेचा पाया आहे, त्यामुळे तिथे जाऊन बघण्यासारखं खूप आहे. सोलापुरात साइनबोर्ड आणि दरवाज्यांची नक्षी कापणाऱ्यांकडे राउटर असतात. दुपारी काम कमी असतं तेव्हा जा, स्वतःची शीट घेऊन जा, आणि कापताना शेजारी उभे राहा.

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटला माल पाठवायचा तर गठ्ठा कसा बांधायचा?

एका टेबलाचे भाग दोन गठ्ठ्यांत वाटा, म्हणजे एकेक गठ्ठा एका माणसाला उचलता येतो. मोठी फळी खाली, तिच्यावर लहान, पॉलिशच्या बाजू समोरासमोर आणि मध्ये वर्तमानपत्र नको, त्याची शाई उठते. पातळ फोम किंवा मागावरचं टाकाऊ कापड घाला. कुसू गठ्ठ्याच्या बाहेर डोकावू देऊ नका, वाहतुकीत पहिले तेच तुटतात. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड कोन लावून मग पट्टी आवळा. पाचरी आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून ती पिशवी सगळ्यात मोठ्या फळीला चिकटवा, आणि दोन पाचरी जास्तीच्या द्या.